त्याच्या नावाने पाण्यावर राखण

अगं, तुझा निरोप वाचला. तुझा लेक शेततळ्यात गेला, त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होतंय, आणि त्या दिवशी काय करायचं यावर घरात कुणी अवाक्षर काढत नाही, असं तू लिहिलंयस. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा लेकराचं श्राद्ध करायचं नसतं. गुरुजीही तेच म्हणाले. विषय निघाला की तुझे यजमान चपला घालून बाहेर पडतात. आणि तू मला विचारतेस, "ताई, त्याच्या नावाने काही दान करावं म्हणते. काय करू?"

करच. फक्त घाई करू नकोस. माझं ऐकून घे आणि मग तुझं तू ठरव.

मोठं माणूस गेलं की तेरावं असतं, वर्षश्राद्ध असतं, पितृपंधरवडा असतो. चार माणसं जेवायला येतात, त्याच्या आवडीची भाजी होते, आठवणी निघतात. लहान मूल गेलं की यातलं जवळजवळ काहीच नसतं. त्याच्यामागे कर्मकांड नको, असं जुन्या लोकांनी ठरवलं, त्यात त्यांचा काही वाईट हेतू नसेल. पण आईने तो दिवस काढायचा कसा, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. म्हणून तुला काहीतरी करावंसं वाटतंय, यात जगावेगळं काही नाही. सासूबाईंनाही असंच सांग, की श्राद्ध करत नाही, दान करतेय. दानाला कुणाची आडकाठी नसते.

मात्र हे दान प्रायश्चित्त म्हणून करू नकोस. "मी भाकऱ्या थापत बसले आणि तिकडे तो..." हे वाक्य तू फोनवरही म्हणाली होतीस. बुडणारं मूल सिनेमात दाखवतात तसं हात हलवून "वाचवा" म्हणत नाही गं. तोंड पाण्यावर येतं ते जेमतेम श्वास घेण्यापुरतं, ओरडायला हवाच उरत नाही. एखाद्या मिनिटात सगळं आवरतं, आणि हाकेच्या अंतरावर माणूस असूनही त्याला चाहूल लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा होता. आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०२२ साली ३८ हजारांवर मृत्यू बुडण्याचे म्हणून नोंदवले. या सगळ्या आया काय निष्काळजी होत्या? बांगलादेशात याचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की लहानगी मुलं बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान बुडतात. म्हणजे बाईमाणूस चुलीपाशी, धुण्यापाशी, रानात राबत असतं तेव्हा. दोष असलाच तर उघड्या पाण्याचा आहे. आणि उघड्या पाण्याचा बंदोबस्त करता येतो, म्हणूनच तर मी हे सगळं लिहितेय.

पुण्याच्या दगडूशेठ गणपतीला आपण कितीदा हात जोडले असतील. पण त्याची सुरुवात कशातून झाली, ठाऊक आहे? दगडूशेठ हलवाई आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा एकुलता मुलगा प्लेगच्या साथीत गेला, असं त्या देवस्थानचाच इतिहास सांगतो. दोघं पार खचले होते. तेव्हा त्यांचे गुरू माधवनाथ महाराज यांनी सांगितलं, एक दत्ताची आणि एक गणपतीची मूर्ती करा आणि पोटच्या मुलांसारखा त्यांचा सांभाळ करा, तीच तुमचं नाव मोठं करतील. आज त्याच गणपतीच्या ट्रस्टतर्फे ससून रुग्णालयातल्या रुग्णांना जेवण जातं, रुग्णवाहिका धावतात. लेकराच्या वाट्याची माया दुसऱ्यांच्या मुखी घालायची रीत आपल्याकडे अशी जुनी आहे. तू काही वेगळं करत नाहीयेस.

आता दान कशाचं? वह्यावाटप, अनाथाश्रमात जेवण, देवळाला पायरी, पाणपोई, लोक हेच सुचवतील. यातलं काहीही वाईट नाही. पण माझं मत विचारशील तर, ज्या वाटेने तो गेला, ती वाट दुसऱ्या मुलासाठी बंद होईल असं काही कर.

अमेरिकेतल्या नॅन्सी बेकर या बाईंची गोष्ट सांगते. २००२ च्या जूनमध्ये त्यांची सात वर्षांची लेक ग्रॅम गरम पाण्याच्या टबात बुडाली. ती चांगली पोहणारी होती, पोहण्याच्या संघात होती. पण टबाच्या तळाशी पाणी ओढून घेणारी जी जाळी असते, तिच्या ओढीने ती खिळून राहिली. आईला ती ओढून निघेना, दोन पुरुषांनी जोर लावला तेव्हा कुठे सुटली. ग्रॅमचे आजोबा जेम्स बेकर देशाचे माजी परराष्ट्रमंत्री, तरी कायदा काही आपोआप झाला नाही. आईला संसदेसमोर जाऊन तेच सारं पुन्हा सांगावं लागलं. डिसेंबर २००७ मध्ये ग्रॅमच्या नावाने कायदा झाला, आणि वर्षभरात तिथल्या सगळ्या सार्वजनिक तरणतलावांना माणूस अडकणार नाही अशा जाळ्या बसवणं सक्तीचं झालं. त्याच २००७ साली कनेक्टिकट राज्यात सहा वर्षांच्या झॅकरी कोनचा हात घरच्या तलावाच्या तळाशी असाच अडकला आणि तो गेला. त्याच्या आईवडिलांनी पुढच्या वर्षी त्याच्या नावाने संस्था काढली. ती लहान मुलांना पाण्यातली सावधगिरी शिकवते.

तू म्हणशील, ती मोठी माणसं, आपण कुठे. अगं, आपल्याला कायदा करायचा नाही, आपल्याला एका शेततळ्याचा काठ सांभाळायचाय.

दुष्काळी भागात शेततळ्यांनी किती संसार सावरले, ते तू माझ्याहून जास्त जाणतेस. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' आलं आणि शिवारोशिवारी तळी झाली. त्यातलं मोठं तळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल, म्हणजे दहा फूट. पाणी मुरू नये म्हणून तळाला आणि चारही उतारांना ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. वरून ते पाणी किती शांत, किती निळं दिसतं! मूल बाटली भरायला वाकतं, नाहीतर चिखलाचे पाय धुवायला उतरतं. पाण्याच्या रेषेवर कागदाला शेवाळाचा पातळ थर असतो, त्यावरून पाय सटकतो. मग बोटं कागदावर नुसती सरकत राहतात. विहिरीत निदान कपार असते, नदीकाठी मुळ्या असतात, गवत असतं. इथे धरायला काहीच नाही. पट्टीचा पोहणाराही चार वेळा चढायचा प्रयत्न करून दमतो. म्हणून तर एकाला काढायला दुसरा उतरतो, दोघांना काढायला आई उतरते, आणि एका घरातली दोन-तीन माणसं एकाच दिवशी गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

यावरचा उपाय महाग नाही, ते मला सगळ्यात जास्त लागतं. चारही काठांना एकेक जाड नायलॉनचा दोर. वरचं टोक जमिनीत पक्क्या गाडलेल्या लोखंडी अँगलला बांधायचं, खालचं थेट पाण्यात सोडायचं, आणि फूटभर अंतरावर मोठमोठ्या गाठी मारायच्या. एका बाजूला जुने टायर एकमेकांना बांधून केलेली शिडी. तळ्याच्या मधोमध आडवा दोर आणि त्याला घट्ट बूच लावलेले रिकामे कॅन, म्हणजे पडलेल्याला धरून राहता येतं. काठावर हवा भरलेली एक ट्यूब, दोर बांधून तयार ठेवलेली, आणि शेजारी पाटी: "पाण्यात उडी मारू नका, ही फेका." उन्हाने नायलॉन कुजतं, तेव्हा दर उन्हाळ्याआधी दोर ओढून बघायचा आणि विटलेला बदलायचा. चारही बाजूंनी जाळीचं कुंपण आणि मुलाच्या हाताला न येणारी कडी हा खरा पक्का बंदोबस्त. पण कुंपणाला पैसा लागतो, त्यासाठी मालकाच्या आणि ग्रामपंचायतीच्या मागे लागावं लागेल. दोर आणि ट्यूब तुझ्या दानातून होईल.

तो ज्या तळ्यात गेला ते तुमच्या चुलत दिरांचं, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही, हे मला माहीत आहे. तिथे जाऊन तू दोर बांधायचं म्हटलंस तर त्यांना ते बोट दाखवल्यासारखं वाटेल. म्हणून एकट्या त्यांचं नाव घेऊ नकोस. ग्रामसभेत विषय मांड, स्वतः बोलवत नसेल तर आशाताईंना नाहीतर शाळेतल्या बाईंना मांडायला सांग: गावातल्या सगळ्याच शेततळ्यांना दोर आणि बिनकठड्याच्या विहिरींना कठडे हवेत. मग त्यांचं तळंही रांगेत आपसूक येईल. काठावर तू जायलाच हवंस असं मुळीच नाही. गावातली तरणी पोरं बांधतील.

दुसरं दान पोहण्याचं. आपल्या काका-मामांच्या पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर सुका भोपळा बांधून त्यांना विहिरीत ढकलायचे, आणि सुट्टी संपेपर्यंत पोरं तरबेज व्हायची. मुलींना मात्र कुणी शिकवलं नाही. धुणं-भांडी, पाणी भरणं त्यांच्याच वाट्याला, आणि पोहणं येत नाही तेही त्यांनाच. आता विहिरी आटल्या नाहीतर खोल गेल्या, आणि मुलगेही शिकेनासे झाले. शहरातला तरणतलाव खेड्यात कुठून आणायचा? बांगलादेशात त्यावर तोड काढली आहे. गावातल्याच तळ्यात बांबूचं चौकोनी कुंपण उभारतात, खाली बांबूचाच तळ बांधतात, त्यामुळे पाणी मुलांच्या छातीइतकंच राहतं. गावातलाच शिकवलेला माणूस मुलांना धडे देतो. २५ मीटर पोहता आलं आणि अर्धा मिनिट तरंगता आलं की मूल उत्तीर्ण. शिवाय बुडणाऱ्याला काठावरून काठी किंवा दोर कसा द्यायचा, तेही शिकवतात. शर्यत जिंकायला नाही, जीव वाचवायला पोहणं. तुझ्या तालुक्याच्या गावी तलाव असेल तर दर उन्हाळी सुट्टीत दोन-चार मुलांची, त्यात मुलींची आधी, फी भर. तेवढंही पुष्कळ झालं. फक्त पोहता येतं म्हणून मुलाला एकटं सोडायचं नाही, हे प्रत्येक घरी बजावून सांग. ग्रॅमलाही पोहता येत होतं.

पोहायला शिकण्याच्या आतली जी पिल्लं आहेत, त्यांना फक्त नजर हवी. त्याच बांगलादेशात सकाळच्या त्या धोक्याच्या वेळात एका बाईच्या घरी गावातली लहान मुलं सांभाळतात, आणि तिथे येणाऱ्या मुलांत बुडण्याचं प्रमाण खूप खाली आलं. आपल्याकडे अंगणवाडी आहेच. तिला फाटक आहे का, कुंपण आहे का, मागे उघडा हौद किंवा शोषखड्डा आहे का, ते बघून ये. एक लोखंडी फाटक हेसुद्धा उत्तम दान आहे. आणि घराघरांत सांग की भरलेली बादली, पिंप, टिपाड झाकून ठेवा. रांगतं मूल वाकून डोक्यावर पडतं आणि त्याला उठता येत नाही, वीतभर पाणीही त्याला पुरतं.

तिसरं, प्रथमोपचाराचं शिबिर. बुडालेल्याला बाहेर काढलं की आपल्याकडे त्याला उलटं टांगतात, गरागरा फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात. या भानगडीत मोलाची मिनिटं जातात, आणि पोट दाबल्याने आतलं अन्न श्वासनलिकेत जातं ते वेगळंच. त्याला हवा असतो तो श्वास. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, तीस वेळा दाबून दोन श्वास, आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावायचा. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर हाताने करून बघावं लागतं. रेडक्रॉस सोसायटी, सेंट जॉन अॅम्ब्युलन्स या संस्था शिकवतात, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही विचार. बचत गटाच्या बायका, शाळेतले शिक्षक आणि विसर्जनाला पाण्यात उतरणारी मंडळाची पोरं, एवढ्यांना एका दुपारी शिकवलंस तरी गाव पुष्कळ सुरक्षित होईल.

आता पैशाचं. शाळेमार्फत जे अपघाताचं सरकारी अनुदान मिळालं, त्याला हात लावायला तुमचं दोघांचं मन धजत नाही, असं तू म्हणालीस. साहजिक आहे. पण म्हणून ते सगळं एका दिवसात वाटून मोकळी होऊ नकोस. तुला धाकटी आहे, तिचं शिक्षण आहे, तो हक्काचा पैसा आहे. काही भाग बाजूला काढ आणि तेवढाच दे. लगेच ट्रस्ट काढायच्याही भरीला पडू नकोस. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, विश्वस्त, दरवर्षी हिशेबतपासणी, हे सगळं नेटाने चालवायला माणसं लागतात. त्यापेक्षा नोंदणी असलेल्या, तुमच्या माहितीतल्या संस्थेला नाहीतर शाळेच्या संस्थेला कायम ठेव म्हणून रक्कम दे, आणि तिचं व्याज फक्त पोहण्याच्या फीसाठी आणि दोर-ट्यूबसाठी वापरायचं, असं पत्र लिहून घे. एक लाखाची ठेव सहा टक्क्यांनी वर्षाला सहा हजार देते. त्यात दरवर्षी नवे दोर आणि दोघा-तिघांची फी निघून जाईल. पावती घ्यायची, रोख द्यायचं नाही, आणि वर्षातून एकदा हिशेब मागायचा. आईने हिशेब मागितला म्हणून कुणी नावं ठेवत नाही.

पाटी लावायची का, असं विचारलंयस. लाव. पण जन्म-मृत्यूच्या तारखा, देणगीची रक्कम, सरपंचांपासून सगळ्यांची नावं, असला फाफटपसारा नको. घरी ज्या नावाने त्याला हाक मारायचीस, तेवढंच नाव ट्यूबवर रंगवून घे. गावातली मुलं ते नाव तोंडाने घेतील, "अमक्याची ट्यूब कुठाय" म्हणतील. तुला आधी रडू येईल, नंतर बरं वाटेल.

धाकटीबद्दल एक बोलायचंच आहे. तिला तू पाण्याच्या जवळपासही फिरकू देत नाहीस, शाळेच्या सहलीला पाठवलं नाहीस. तुझा जीव मला कळतो. पण पाणी काही आयुष्यातून जात नाही. नदी आहे, विहीर आहे, उद्या सासर कुठल्या काठावर असेल कुणास ठाऊक. वाळूउपशाने नदीत असे खड्डे पडलेत की गुडघाभर पाण्यातून चालणारं माणूस पुढच्या पावलाला बुडतं. भीतीने ती वाचणार नाही, शिकल्याने वाचेल. म्हणून ज्या मुलींची फी तू भरशील, त्यात पहिलं नाव हिचंच घाल.

यजमानांनाही यात ओढ. पुरुषांना बोलायला जमत नाही, काम करायला जमतं. "अँगल कुठला आणायचा, दोर किती जाडीचा" असं विचार. त्यासाठी ते दुकानात जातील, मोजमाप करतील, आणि करता करता त्यांचं त्यांचं बोलणं सुटेल. नाहीच सुटलं आणि तुझीही रात्र रात्र झोप उडत राहिली, तर जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर असतात, त्यांना दाखव. त्यात लाजायचं काही नाही. दानाने पुण्य लाभेल, पण आजारी मनाला औषध ते औषधच.

त्या दिवशी घरात गोडधोड करायचं की नाही, ते तू ठरव. त्याला जे आवडायचं ते करून शेजारच्या पोरांना खाऊ घातलंस तरी शोभेल. बाकीचं काम तारखेशी बांधू नकोस, ते मोसमाशी बांध. शाळांना सुट्ट्या लागतात आणि पोरं पाण्याकडे धावतात, त्याच्या आत दोर पडले पाहिजेत. पाऊस लागून खदाणी आणि खड्डे तुडुंब होतात, त्याच्या आत विहिरींचे कठडे आणि अंगणवाडीचं फाटक झालं पाहिजे. २५ जुलै हा संयुक्त राष्ट्रांनी बुडण्याच्या प्रतिबंधासाठी ठरवलेला दिवस आहे. त्या दिवशी शाळेत शिबिर ठेव, मुख्याध्यापक नाही म्हणणार नाहीत. आणि गणपतीच्या आधी मंडळाच्या पोरांना एकदा बोलावून सांग की विसर्जनाला ट्यूब आणि दोर घेतल्याशिवाय पाण्यात कुणी उतरायचं नाही.

सगळं एका वर्षात नको. या वर्षी शेततळ्यांचे दोर, एवढंच धर, आणि दरवर्षी ते तपासायला एक माणूस नेमून ठेव. मोठी सुरुवात करून दोन वर्षांत कुजलेल्या दोरापेक्षा, लहान पण दरसाल बदललेला दोर बरा. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालायला आजच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना अर्ज लिही. मजकूर अडला तर मला फोन कर, मी सांगते, तू लिहून घे.